भूक, मन आणि वजनकाटा

आमच्या लहानपणी मोठ्या रेल्वे स्टेशनांवर वजनाचे एक उंच यंत्र असे. त्यावर उभे राहून नाणे टाकले की रंगीत दिवे लुकलुकत, आत चक्र फिरे आणि खटकन पुठ्ठ्याचे एक छोटे तिकीट बाहेर पडे. तिकिटाच्या एका बाजूला वजन छापलेले असे आणि दुसऱ्या बाजूला भविष्य! आम्ही मुले वजनाकडे बघतही नसू, आधी भविष्य वाचत असू.

आता मला असे दिसते, की काही मुले-मुली तिकिटाच्या वजनाच्या बाजूलाच आपले भविष्य वाचू लागली आहेत. आपण चांगले की वाईट, हुशार की निकामी, कोणाला आवडणारे की नावडते, हे सगळे त्या एका आकड्यावर ठरते असे त्यांना वाटते. हा आकडा त्यांचे जेवण ठरवतो आणि पुढे सारे आयुष्यच ताब्यात घेतो. याला खाण्याचे विकार असे म्हणतात. भौतिकीच्या शिक्षकाने या विषयावर का लिहावे, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्याचे कारण लेखाच्या शेवटी सांगतो. प्रारंभ मात्र भौतिकीपासूनच करू.

वजनकाटा काय मोजतो? आपण काट्यावर उभे राहून त्याला जेवढ्या बलाने खाली दाबतो, तेवढेच. फुलपात्रभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी पिऊन पुन्हा उभे राहा. काटा २०० ग्रॅम जास्त दाखवील. लिफ्टमध्ये काटा ठेवून उभे राहिलात, तर लिफ्ट वर निघताना वजन क्षणभर वाढलेले दिसेल. सकाळ आणि रात्र यांच्या वजनात एखाद्या किलोचा फरक पडणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. त्यात चरबीचा काही संबंध नसतो. काटा खोटे बोलत नाही, पण तो फार थोडे बोलतो. त्याच्या बोलण्यात नसलेला अर्थ मन त्याला चिकटवते. हे मन असे का करते, आणि एकदा केले की त्यातून सुटणे इतके अवघड का होते, ते आता पाहू.

शरीरातील नियामक

विश्रांती घेत असलेला प्रौढ माणूस साधारणपणे ८० ते १०० वॅटच्या दिव्याइतकी ऊर्जा सतत खर्च करत असतो. यातला मोठा वाटा मेंदूचा. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्केच असते, पण विश्रांतीच्या स्थितीत शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा घेतो. ही ऊर्जा अन्नातून येते. ती कमी पडू नये यासाठी शरीरात एक नियामक यंत्रणा बसवलेली आहे.

इस्त्रीतील थर्मोस्टॅट तुम्हाला माहीत आहे. इस्त्री जास्त तापली की तो प्रवाह तोडतो, थंड झाली की जोडतो. भुकेचे नियमनही काहीसे असेच चालते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग आहे. शरीरातील चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात आणि त्यावरून साठा किती शिल्लक आहे ते हायपोथॅलॅमसला कळते. हे संप्रेरक १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. जठर रिकामे झाले की घ्रेलिन नावाचे दुसरे संप्रेरक वाढते आणि भूक लागल्याची वर्दी देते. त्याचा शोध १९९९ साली जपानमध्ये लागला.

साठा कमी होऊ लागला तर हा नियामक दोन गोष्टी करतो. भूक वाढवतो आणि खर्च कमी करतो. लोडशेडिंगमध्ये रुग्णालयाची वीज चालू ठेवून बाकीच्या भागांची तोडतात, तसाच हा प्रकार. हृदयाचे ठोके मंदावतात, हातपाय गार पडतात, मुलींची मासिक पाळी थांबते, हाडांची वाढ खुंटते, केस गळतात. वाढीच्या वयात हे नुकसान विशेष गंभीर असते, कारण आयुष्यभर पुरणारी हाडांची घनता मुख्यतः याच वर्षांत जमा व्हायची असते.

पण लोडशेडिंग मेंदूतही होते का? या प्रश्नाचे उत्तर एका विलक्षण प्रयोगातून मिळाले.

मिनेसोटाचे ३६ तरुण

दुसरे महायुद्ध चालू होते. युरोपात लाखो लोक उपाशी होते. युद्ध संपल्यावर त्यांना पुन्हा जेवू कसे घालावे, हे कोणालाच नीट माहीत नव्हते. ते शोधण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने नोव्हेंबर १९४४ मध्ये एक प्रयोग सुरू केला. त्याची प्रयोगशाळा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखाली होती. युद्धात शस्त्र धरायला तत्त्वतः नकार दिलेल्या तरुणांपैकी ३६ जण त्यासाठी स्वखुशीने पुढे आले. शरीराने आणि मनाने धडधाकट आहेत अशी खात्री करूनच त्यांची निवड झाली होती.

पहिले १२ आठवडे त्यांना पुरेसे जेवण दिले. नंतरचे २४ आठवडे आहार जवळजवळ निम्म्यावर आणला. बटाटे, सलगमसारखी कंदमुळे, पाव आणि मॅकरोनी हे मुख्य पदार्थ. त्याच वेळी आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणेही होतेच. या काळात त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. शेवटी १२ आठवडे आहार हळूहळू वाढवत नेला.

शरीर खंगले, यात आश्चर्य काही नव्हते. आश्चर्य होते ते मनाचे. हे उत्साही, बोलके तरुण चिडचिडे आणि उदास झाले. मित्रांपासून दूर राहू लागले. राजकारण, पुस्तके, प्रेम यांतील त्यांचा रस संपला. डोक्यात फक्त अन्न उरले. काहीजण पाककृतींची पुस्तके जमवून रात्री वाचत बसू लागले. थोडेसे जेवणही फार वेळ लावून, हळूहळू खाऊ लागले. ताट चाटून पुसू लागले. पुढे जेवण मोकळे झाल्यावर काहींना आपले पोट भरले आहे हेच कळेना. खातच राहावेसे वाटे. पूर्ववत व्हायला कित्येकांना अनेक महिने लागले. कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सारे निष्कर्ष १९५० साली दोन खंडांत प्रसिद्ध केले.

आता प्रयोगाची रचना लक्षात घ्या. या तरुणांपैकी कोणालाही लठ्ठपणाची धास्ती नव्हती. बारीक दिसण्याची हौस नव्हती. बदल केला तो फक्त एका गोष्टीत, आहारात. आणि बदलले त्यांचे मन. म्हणजे उपासमार हीच मन बदलणारी गोष्ट आहे. ज्याला आपण त्या माणसाचा स्वभाव, हट्ट किंवा विक्षिप्तपणा समजतो, तो पुष्कळ अंशी उपाशी मेंदूचा आवाज असतो. हा निष्कर्ष नीट ध्यानात ठेवा. पुढे तो लागणार आहे.

नावातील चूक

मिनेसोटाच्या तरुणांना दुसऱ्याने उपाशी ठेवले होते. पण अन्न समोर असूनही जे स्वतःला उपाशी ठेवतात, त्यांचे काय? इंग्लंडमधील रिचर्ड मॉर्टन या वैद्याने १६८९ साली अशा दोन रुग्णांची वर्णने लिहून ठेवली आहेत. त्यांत एक मुलगी होती आणि एक मुलगा. हा आजार फक्त मुलींचा, असे मानणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे. १८७३ साली पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी आणि लंडनमध्ये विल्यम गल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे या आजाराचे तपशीलवार वर्णन केले. गल यांनी त्याला दिलेले नाव आजही चालते: ॲनोरेक्सिया नर्व्होसा.

या नावाचा अर्थ मनामुळे भूक नाहीशी होणे असा आहे. पण नावात एक चूक आहे. या रुग्णांची भूक बहुधा नाहीशी झालेली नसते. ती लागते, छळते, स्वप्नातही येते. रुग्ण तिच्याशी रात्रंदिवस झुंजत असतो, आणि या झुंजीतच त्याची सारी शक्ती खर्च होते.

दुसऱ्या एका विकाराचे वर्णन लंडनचे डॉक्टर जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली केले. त्याचे नाव बुलिमिया नर्व्होसा. यात माणूस अधूनमधून स्वतःवरचा ताबा सुटून अतोनात खातो आणि मग घाबरून, शरमून ते खाणे ‘रद्द’ करण्याचे अघोरी उपाय करतो. त्यामुळे रक्तातील पोटॅशियमसारख्या क्षारांचे प्रमाण ढासळून हृदयाचा ठोकाच बिघडू शकतो. अशा रुग्णाचे वजन अनेकदा अगदी सर्वसाधारण असते, म्हणून शेजारी बसणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. तिसऱ्या प्रकारात अनावर खाणे असते, पण ते रद्द करण्याचे उपाय नसतात. हा विकार अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत २०१३ साली स्वतंत्रपणे नोंदला गेला.

ताट एवढेच हातात

आता मूळ प्रश्न. असे का होते?

भावना आणि भूक यांचे नाते तुम्ही स्वतः अनुभवलेले आहे. परीक्षेच्या दिवशी सकाळी आईने केलेले पोहे घशाखाली उतरत नाहीत. भीतीच्या वेळी ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक वाढते, रक्त स्नायूंकडे वळते आणि पचनाचे काम मागे पडते. उलट, कंटाळा आला किंवा मन खट्टू झाले की हात आपोआप फरसाणाच्या डब्याकडे जातो. गोड-तेलकट खाल्ल्याने मनाला थोडा वेळ बरे वाटते. यात आजार काही नाही. पेपर संपला, मूड बदलला की गाडी रुळावर येते.

पण समजा, त्रास देणारी गोष्ट संपतच नाही. वर्गात कोणीतरी शरीरावरून नाव ठेवले आहे. घरात रोज भांडणे होत आहेत. जवळचे माणूस गेले आहे. कोणी असे वागले आहे, की ते कोणाला सांगता येत नाही. टक्के कितीही मिळाले तरी कमीच पडतात. त्यातच वयामुळे शरीर स्वतःला न विचारता बदलत चालले आहे. यातले काहीच आपल्या हातात नाही, असे त्या मुलीला किंवा मुलाला वाटते. मग हातात काय आहे? समोरचे ताट. ‘एवढे तरी मी ठरवीन!’ पहिले काही दिवस यातून विजयाचा आनंदही मिळतो. लोक कौतुक करतात. मनातली भीती बोथट होते. ज्यांना प्रत्येक काम अचूक लागते, अशा कष्टाळू मुलांना हा विजय विशेष गोड वाटतो. हिल्डा ब्रुख या डॉक्टरबाईंनी आयुष्यभर अशा रुग्णांचे बोलणे ऐकून घेतले. ‘द गोल्डन केज’ हे त्यांचे पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले. आपण सोन्याच्या पिंजऱ्यातील चिमणीसारखे आहोत, असे एका रुग्ण मुलीला वाटत होते. पुस्तकाचे नाव त्यावरूनच आले.

आता मिनेसोटाचा निष्कर्ष येथे जोडा. मनाच्या दुखण्यातून उपासमार सुरू झाली. उपासमारीने मेंदू बदलला: उदासी वाढली, मित्र दुरावले, विचार अन्नाभोवतीच फिरू लागले. मनाचे दुखणे आणखी वाढले. म्हणून ताटावरची पकड आणखी घट्ट झाली. इस्त्रीचा थर्मोस्टॅट चढलेले तापमान खाली आणतो. येथे मात्र उलटा थर्मोस्टॅट बसला आहे. इस्त्री जितकी तापेल तितका तो प्रवाह वाढवतो. सुरुवात कशामुळे झाली ते कारण नंतर मिटले, तरी चक्र थांबत नाही.

बुलिमियाचे चक्र झोपाळ्यासारखे असते. उपास एका टोकाला, अनावर खाणे दुसऱ्या टोकाला. प्रत्येक फेरीला शरम मागून एक धक्का देते. योग्य वेळी दिलेला लहानसा धक्काही झोपाळा किती उंच नेतो, हे तुम्ही जाणताच.

मग दोष मनाचाच का? तसेही नाही. एकाच घरातील दोन भावंडांवर सारखाच प्रसंग येतो. एकाला विकार जडतो, दुसऱ्याला नाही. आनुवंशिकतेचाही यात मोठा वाटा आहे. २०१९ साली ॲनोरेक्सियाच्या सुमारे १७,००० रुग्णांच्या जनुकीय तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या आजाराशी संबंध असलेल्या ८ जागा त्यात सापडल्या. या आनुवंशिक कलाचे नाते इतर मानसिक विकारांप्रमाणेच चयापचयाशीही असल्याचे दिसले. म्हणून कोणा आईवडिलांना किंवा मुलाला गुन्हेगार ठरवण्यात अर्थ नाही. बी, जमीन आणि हवा अशा तिन्ही गोष्टी जुळल्या की रोप उगवते.

हवेचा परिणाम

यातील हवेचा, म्हणजे भोवतालच्या समाजाचा परिणाम फिजी बेटांवर स्पष्ट दिसून आला. तेथील परंपरेत भरलेले, दणकट शरीर हे चांगल्या घराचे लक्षण मानले जाई. तेथील नाद्रोगा प्रांतात १९९५ साली दूरदर्शनसंच आले. ॲन बेकर या अमेरिकन संशोधिकेने त्याच वर्षी ६३ शाळकरी मुलींना एक प्रश्नावली दिली. १९९८ साली तीच प्रश्नावली दुसऱ्या ६५ मुलींना दिली. खाण्याविषयीच्या वृत्तीत धोक्याची चिन्हे दाखवणाऱ्या मुलींचे प्रमाण पहिल्या खेपेस १२·७ टक्के होते. तीन वर्षांनंतर ते २९·२ टक्के आढळले. प्रश्नावलीतील चिन्हे म्हणजे आजाराचे निदान नव्हे, हे खरे. तरीही पडद्यावरची शरीरे पाहून आपल्या शरीराविषयीचे मत किती लवकर बदलते, हे त्यातून दिसते. आज तो पडदा आपल्या खिशातच असतो, आणि त्यावरची छायाचित्रे पुष्कळदा यंत्राने बारीक आणि गोरी केलेली असतात. मुलांसाठी फुगवलेल्या स्नायूंची चित्रे असतात.

पण बारीक होण्याची हौस हेच एक लक्षण मानले तर फसगत होईल. हाँगकाँगमधील डॉक्टर सिंग ली यांनी १९९३ साली ॲनोरेक्सियाच्या ७० चिनी रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी ४१ जणांना लठ्ठ होण्याची भीती नव्हतीच. पोट फुगते, जेवण जात नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. आपल्याकडेही मनाचे दुखणे बोलून दाखवण्याची सवय कमी आहे. ते पोटाच्या तक्रारीचे रूप घेऊन येऊ शकते.

येथे कोणी विचारील, की मग आपले उपास? आषाढी एकादशीला आजी उपास करते तो आजार नव्हे. त्या उपासाला दिवस ठरलेला असतो, दुसऱ्या दिवशी तो सुटतो आणि आजी साबुदाण्याची खिचडी आनंदाने सर्वांबरोबर खाते. उपास सुटतच नसेल, त्याचे दिवस वाढत असतील, चारचौघांत जेवण्याची भीती वाटत असेल, तर मात्र ‘उपास’ हा शब्द दुसरेच काही झाकतो आहे.

माझी चूक

हे मला कसे कळले, ते आता सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या प्रयोगशाळेत अकरावीची एक विद्यार्थिनी होती. तिच्यासारखे जर्नल मी पाहिले नव्हते. एका शाईच्या डागासाठी तिने अख्खा प्रयोग पुन्हा लिहून काढला होता. मी ते जर्नल वर्गात सर्वांना दाखवले. मधल्या सुट्टीत ती डबा खात नसे. विचारले तर, ‘आज उपास आहे सर’ असे उत्तर येई. बाकीची मुले पंखा लावा म्हणत तेव्हा ती स्वेटर घालून बसे. हे सारे मला दिसत होते. एके दिवशी लंबकाची आंदोलने मोजताना तिला घेरी आली, तेव्हाही मी ‘नीट जेवत जा’ एवढेच म्हणालो. निरीक्षणे माझ्याजवळ होती. त्यांतून निष्कर्ष मी काढला नाही. पुढे तिला रुग्णालयात ठेवावे लागले. एक वर्ष गमावून ती परत आली, आणि आता चांगली आहे. पण हा विकार प्राणघातकही ठरू शकतो. माझ्या कौतुकाने उलट्या थर्मोस्टॅटला हातभारच लावला होता, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना विनंती, की आरोग्य तपासणीच्या वेळी मुलांची वजने मोठ्याने पुकारू नका. ‘जाड्या’, ‘काडी’ ही नावे वर्गात चालू देऊ नका. अचूकतेच्या हट्टाचे कौतुक करण्याआधी, चूक झाली तर त्या मुलाचे काय होते ते पाहा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, मित्र किंवा मैत्रीण अशा चक्रात सापडली आहे असे वाटले, तर तिच्या ताटावर किंवा वजनावर टीका करू नका. ‘खा की गं, त्यात काय!’ हे सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला धाव म्हणण्यासारखे आहे. तुम्हाला जे दिसले ते तिला एकटीला शांतपणे सांगा: ‘तू हल्ली गप्प असतेस, मला काळजी वाटते.’ ‘कोणाला सांगू नकोस’ असे ती म्हणाली, तरी विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगाच. ही चुगली नव्हे. हे चक्र तुमच्या स्वतःच्या बाबतीत चालू असेल, तर आज एका माणसाशी बोला. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

या विकारांवर उपचार आहेत. आधी शरीराची उपासमार थांबवावी लागते, कारण उपाशी मेंदूला समजूत पटत नाही. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच करायचे असते. खंगलेल्या शरीराला एकदम भरपूर जेवण देणे धोक्याचे असते. त्याबरोबर मूळच्या दुखण्यावर मानसोपचार चालतात. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात घडवलेल्या पद्धतीत आईवडिलांना दोषी न धरता उपचारातले मदतनीस मानतात. किशोरवयीन मुलांना तिचा चांगला उपयोग होतो. चक्र जितक्या लवकर तोडावे, तितके ते सोपे तुटते.

स्टेशनावरची ती यंत्रे आता क्वचितच दिसतात. त्यांच्या तिकिटावरचे भविष्य खोटे असते, हे आम्हा मुलांनाही माहीत होते. वजनाच्या आकड्यात भविष्य वाचणारा कोणी तुमच्या शेजारच्या बाकावर बसला असेल, तर त्याची मधल्या सुट्टीत विचारपूस करा.